बाहेर उघडणारं दार

वामनराव इंगोल्यांना पहिला मार बसला तो चपलेचा. दुसऱ्या वेळी छत्रीचा. तिसऱ्या वेळी लोकांनी हाताला लागेल ते घेतलं, आणि हाताला लागलं ते त्यांच्याच दुकानातलं कपाशीचं बियाणं. दवा लावलेलं, निळंशार. दोन जणांनी पाय धरले, एकानं नाक दाबलं आणि चौथ्यानं पाकीट फोडून तोंडात ओतलं. यवतमाळच्या दवाखान्यात नळी घालून पोट धुतलं तेव्हा वामनराव निळं ओकले. घरी आल्यावर त्यांनी गादीवर बसून शांतपणे विचार केला आणि ते एका निर्णयाला आले. बियाणं बदलायची गरज नव्हती. दार बदलायची होती.

सन दोन हजार सहाचा हंगाम होता तो. कपाशीचं झाड माणसाच्या डोक्यावर जायचं, हिरवंगार, फोटो काढावा असं, आणि त्याला बोंड म्हणून धरायचं नाही. पाकिटावर बोंडांचं चित्र मात्र होतं. दारव्ह्यात अशी पाकिटं बिल न देता विकणारे पुष्कळ होते. पण इंगोल्यांचं दुमजली संकुल थेट बाजाराच्या रस्त्यावर होतं, म्हणून मार खाण्याचा मानही त्यांच्याकडेच चालत आला होता. खाली बियाण्या-औषधांचं दुकान, जिना चढून वर ऑफिस.

यवतमाळहून त्यांनी अश्वजित वानखडेला बोलावलं. अश्वजितनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता, काही वर्षं केबल टीव्हीच्या तारा लोकांच्या गच्च्यांवरून ओढल्या होत्या, आणि आता तो कार्डानं उघडणारी दारं बसवून देई. एका बँकेत बसवलं होतं, एका कॉलेजच्या लॅबमध्ये. दोन्हीकडे त्याला विचारलं गेलं होतं की कॉम्प्युटर चोरीला जाणार नाही ना. माणसाबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

तो टेप आणि कागद घेऊन ऑफिसभर फिरला. त्याची एक पद्धत होती. तारेला हात लावण्याआधी तो मालकाला विचारायचा: आत कोण येणार, बाहेर कोण जाणार, आणि आग लागली तर काय?

"आत कोणी येनार नाई," वामनराव म्हणाले. "आला तं जानार नाई."

अश्वजितला वाटलं, ही दारव्ह्याची थट्टा असेल. तो हसला. वामनराव हसले नाहीत. त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन पहिलवान बसले होते, बाबुलाल आणि त्याचा साळा. तेही हसले नाहीत. पण त्यांना कोणी सांगितल्याशिवाय ते काहीच करत नसत.

अश्वजितनं टेबलावर नकाशा पसरला. "हे पाहा मालक. दाराच्या बाहेर फक्त कार्ड दाखवायची डबी. बाकी सगळं आत. मेंदू म्हणजे हा कंट्रोलर, तो छताच्या वर, म्हणजे बाहेरच्या माणसानं डबी फोडली तरी दार उघडत नाही. चौकटीला वर लोहचुंबक. करंट आहे तोवर दार चिकटलेलं."

"आन् लाइन गेली तं?"

"तर सुटते."

"बारा घंटे लाइन नसते इथं!" वामनराव किंचाळले. "लोकायले बी माहीत हाय कवा जाते ते!"

"म्हणून बॅटरी देतो ना. आणि दार आत उघडते ते फिरवून बाहेर उघडणारं करतो. जिन्याकडे."

"काहून?"

"पळणारा माणूस दार ढकलते, मालक. ओढत नाही. आग लागली की दहा लोक दारावर पडतात. दार आत उघडणारं असलं तर ते स्वतःच दार दाबून धरतात आणि तिथंच मरतात."

वामनरावांना आगीशी कर्तव्य नव्हतं. पण बाहेर उघडणाऱ्या दारावर बाहेरून लाथ मारली तर ते चौकटीवर अजून घट्ट बसतं, ही गोष्ट त्यांना एकदम आवडली. चपलेनंतर त्यांनी पहिल्यांदाच समाधानानं मान हलवली. मग त्यांचं बोट नकाशावर फिरत फिरत एका छोट्या गोलावर थांबलं.

"हे काय होय?"

"बटन. आतल्या माणसानं दाबलं की दार उघडते."

"आतला मानूस कोन? मी का तो?"

"कोणीही."

वामनरावांनी खिशातला लाल पेन काढला आणि त्या गोलावर फुली मारली. "आतून बी कार्डच लाव. आलेला मानूस मी म्हनीन तवा जाईन. आन् दाराले आतून जाड गादी ठोक. खाली गिऱ्हाईक असते, उगाच त्याहिले तरास नको."

अश्वजितला तेव्हा कळलं, आणि कळल्यावर त्यानं नियमाचं बोलून पाहिलं. नियमानं बटन लागते, मालक. वामनराव म्हणाले, नेरले माह्या पाव्हन्याचं चार मजली लॉज उठून राह्यलं, तिथं खोलीखोलीले असं दार लागते, तुह्या नियमात बसते का पाहून घे. अश्वजितनं पाहून घेतलं. बसलं.

फक्त एक गोष्ट त्यानं केली. तार ओढणाऱ्या माणसाला एक जास्तीची तार ओढून ठेवायची सवय असते. भिंत एकदा बुजवली की कोण फोडणार? बटनाची दोन तारांची जोडी त्यानं छतातून खाली आणली, दाराशेजारच्या भिंतीत सोडली, टोकं सोलून ठेवली आणि त्यावर बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर टांगलं. टोकं एकमेकींना चिकटली की दार सुटणार. त्यानं कोणाला सांगितलं नाही. यामुळे काही बदलणार नव्हतं. पण त्या रात्री त्याला झोप लागली.

काम संपलं त्या दिवशी नेरच्या रस्त्यावरच्या गावातून गोविंदा नावाचा शेतकरी आला. हातात मुळासकट उपटलेलं कपाशीचं झाड. मोठ्यानं बोलायलाही तो आला नव्हता. त्याला फक्त झाड दाखवायचं होतं.

"या, या," वामनराव म्हणाले. "अश्वजित, तू बाहेर थांब. लाइट पाह्य लाल राह्यते का. ट्रायल घेऊ."

दार बंद झालं. वर ठक् झालं. लाल दिवा लागला. गादी उत्तम बसली होती, आवाज काहीच येत नव्हता. अश्वजितनं दारावर तळहात ठेवला. दार थरथरत होतं. थोडा वेळ थांबायचं, पुन्हा थरथरायचं. मग एकदा खालच्या बाजूला, माणसाचं डोकं जिथं येईल तिथं, जोरात. शर्टाच्या खिशात ट्रायलचं कार्ड होतं. डबीला नुसतं दाखवायचं होतं. त्यानं खिशावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

दार उघडलं. गोविंदाचा उजवा हात मनगटापासून चुकीच्या दिशेला वळला होता आणि नाकातोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. झाड डाव्या हातात होतं. अश्वजित दारात उभा होता, म्हणून तो थांबला.

"भाऊ," तो म्हणाला, "जरा वाट द्या."

अश्वजितनं वाट दिली. आतून वामनरावांचा आवाज आला, "फसकिलास हाय बे तुहं दार!"

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस संकुलात भरभराटीचे गेले. तक्रारी येत गेल्या आणि फरशी पुसली जात गेली. डोळा फुटला एकाचा, एकाच्या फासळ्या. वामनरावांचं वजन वाढलं.

मग खांडेनवमी आली. त्या दिवशी घरोघर हत्यारं धुऊनपुसून देवापुढं मांडतात आणि दसरा उजाडेपर्यंत कोणी त्यांना हात लावत नाही. शेतात विळा चालत नाही, सुताराचा रंधा चालत नाही. वामनरावांच्या घरून सकाळीच बाई येऊन ऑफिसात पूजा मांडून गेल्या. पाटावर दुकानाचा तराजू, बाबुलालच्या आणि साळ्याच्या तेल पाजलेल्या काठ्या, आणि ताटात दाराची सगळी कार्डं, एकेकावर कुंकवाचं बोट. वामनरावांचंच फर्मान होतं ते. या हंगामात आपलं खरं हत्यार कोणतं, ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

अश्वजितलाही बोलावणं होतं, कारण मशीनची पूजा मशीनवाल्याशिवाय कशी होणार? त्याच्या घरात पूजेचा विषय आजोबांनी छप्पन्न सालीच संपवला होता आणि रात्रीच्या गाडीनं त्याला बायकापोरांना घेऊन नागपूरला निघायचं होतं. पांढरे कपडे इस्त्री होऊन पडले होते. पण नेरचं लॉज अजून पक्कं नव्हतं, म्हणून तो आला आणि दाराजवळ, कॅलेंडरपाशी, हात मागे बांधून उभा राहिला. बाबुलालनं त्याच्या पिशवीतून पक्कड, टेस्टर आणि ट्रायलचं कार्डही उचललं, कार्ड ताटात ठेवलं आणि बाकीचं पाटावर मांडलं. पकडीनं काही धर्मांतर केलेलं नव्हतं, तेव्हा अश्वजितला हरकत घेता आली नाही.

कार्डं पूजेत, म्हणून दाराला विटेची टेकण लावली होती. नारळांची टोपली खालीच राहिली. वामनरावांनी दोघा पहिलवानांना ती आणायला पाठवलं.

ते खाली उतरले आणि गल्लीच्या बाजूनं सहा-सात माणसं वर आली. पुढे गोविंदा, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, दोरीनं गळ्यात बांधलेला. त्याच्यामागे तांड्यावरचा रूपसिंग, दारात वाकून शिरावं लागेल एवढा उंच. सगळ्यात शेवटी गोविंदाची बायको कौसल्या. तिनं आत येऊन सगळ्यांकडे पाहिलं, पायानं वीट बाजूला सारली आणि पदर सावरला.

दार सावकाश मिटलं. वर ठक् झालं.

"नमस्कार, मालक," कौसल्या म्हणाली. "पूजेले आलो."

वामनराव एका क्षणात ताटाकडे झेपावले. कौसल्या त्यांच्या आधी पोचली. तिनं ताट उचललं, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली आणि ताट मांडीवर घेतलं.

"अवं, कार्ड दे!"

"असं कसं मालक? पूजेतलं आज नसते उचलत. उद्या दसरा, उद्या घ्या."

"मंग तुनं कसं उचललं?"

"मी सांभाळून राह्यली," ती म्हणाली.

रूपसिंगचा हात पाटावरच्या काठीकडे गेला. "ए रूपसिंगभाऊ!" ती ओरडली. "खांडेनवमी हाय! हत्यारले हात नोको लावू!"

रूपसिंगनं काठीला हात लावून तो कपाळाला लावला आणि काठी तिथंच राहू दिली. मग त्याच हातानं वामनरावांची मान मागून धरली आणि त्यांचं तोंड टेबलाच्या काचेवर आपटलं.

काच फुटली. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा काच नव्हती, लाकूड होतं. वामनरावांचे पुढचे दोन दात फरशीवर पडले आणि ते पाहून वामनरावच सगळ्यांत जास्त चकित झाले. "बाबुलाल!" ते ओरडले, पण दात नसल्यामुळे आणि दाराला गादी असल्यामुळे ते कुठं पोचलं नाही. एकानं त्यांच्या पोटात गुडघा घातला. एक म्हातारा खुर्चीचा पाय धरून नुसता पाळीची वाट पाहत होता, दुधाच्या रांगेत उभा राहावा तसा. पाळी आली तेव्हा त्यानं खुर्ची त्यांच्या पाठीवर मोडली आणि बाजूला झाला.

"अश्वजित! उघड!"

तेव्हा सगळ्यांना तो दिसला. कौसल्या ताट घेऊनच उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दरवाजावाला हाच का हो?"

"हाच," गोविंदा म्हणाला. "बाहेर उभा होता."

"भाऊ, मानूस कोंडला तं बाहेर निघाले काही ठेवता का नाई तुमी?"

"बटन असते," अश्वजित म्हणाला. "नकाशात काढलं होतं मी. त्यांनी खोडलं."

"आन् तुमी खोडू देल्लं."

तिनं ताट डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हातानं त्याच्या थोबाडीत दिली. त्याचा चष्मा उडाला, कानात शीळ वाजू लागली. शेतात काम करणारा हात होता तो. ती परत खुर्चीवर जाऊन बसली. तिच्यापुरतं त्याचं प्रकरण मिटलं होतं.

इकडे गोविंदाची पाळी आली होती. त्यानं गळ्यातली दोरी काढली. डाव्या हातानं त्याला नीट मारता येत नव्हतं, एकदोनदा मारून पाहिलं, नुसताच गालाला स्पर्श झाल्यासारखा झाला. त्यानं विचार केला. मग उजवा हात वर उचलला. प्लास्टर काही पूजेत ठेवलेलं नव्हतं.

पहिल्या घावाला वामनरावांचा जबडा एका बाजूला सरकला. गोविंदाही कळवळला, हाड अजून जुळलेलं नव्हतं. दुसऱ्या घावाला दोघंही ओरडले. तिसऱ्याला प्लास्टर तडकलं आणि वामनरावांच्या तोंडातून आवाजाऐवजी जाडसर रक्त आलं. ते खाली बसले, आडवे झाले, आणि रूपसिंगनं त्यांचा उजवा पंजा फरशीवर पसरून त्यावर टाच ठेवली.

मरते हा आता, अश्वजितच्या मनात आलं. माझ्या दाराआड मरते. त्याचा हात आपोआप कॅलेंडरमागे गेला. तारांची टोकं बोटांना लागली, त्यानं त्यांना पीळ दिला. वर ठक् झालं. दिवा हिरवा झाला.

आणि काहीच झालं नाही.

दार हललं नाही. नाही, हलत होतं. धडाधड हादरत होतं. बाबुलाल आणि साळा नारळ टाकून वर आले होते आणि खांदे लावून दार ढकलत होते. दार बाहेर उघडणारं होतं. बाहेरून त्याला पितळी मूठही होती. पण ती त्यांनी कधी हातात धरलीच नव्हती. सकाळी ते मालकाच्या मागून आत जात आणि संध्याकाळी मालकाच्या मागून बाहेर पडत. आयुष्यात त्यांच्यापुढे जे जे अडलं, ते त्यांनी ढकललं होतं.

हादरणाऱ्या दाराकडे पाहताना रूपसिंगची टाच उचलली गेली होती आणि फरशीवरून वामनराव सरपटत दाराकडे निघाले होते. कोणी अडवलं नाही. बंद दाराकडे जाणाऱ्या माणसाला कोण अडवतं? त्यांनी दाराला पाठ लावली आणि पाय रोवून बाहेर रेटू लागले. पलीकडून दोन पहिलवान आत रेटत होते. मालकाची आणि त्याच्या पगारी माणसांची अशी कुस्ती चालली होती, आणि मधे सागवानाची एक फळी आणि ओलसर झालेली गादी. अश्वजितनं भिंतीला टेकून ती पाहिली. वर हिरवा दिवा स्वच्छ जळत होता.

त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. बाबुलाल होता, धापा टाकत.

"अबे, दार उघड!"

"उघडलंय," अश्वजित म्हणाला.

"काय उघडलं बे! आमी केव्हाचं ढकलून राह्यलो!"

अश्वजितला उत्तर ठाऊक होतं. एका शब्दाचं होतं. त्यानं दाराला टेकलेल्या वामनरावांकडे पाहिलं, मग गोविंदाच्या हाताकडे. प्लास्टरच्या तड्यातून ताजं रक्त बोटांवर उतरत होतं आणि तो ते धोतराला पुसत होता.

"जोर लावा, बाबुलालभाऊ," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्यांनी जोर लावला. आत रूपसिंगनं वामनरावांचा उजवा हात धरला, दाराच्या चौकटीला टेकवला आणि मनगटापासून वळवला, हळूहळू, हाड निघेपर्यंत. कपाशीची ओली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. वामनराव अश्वजितकडे बघत होते. अश्वजितनं चष्मा शोधून पुसला आणि घातला. त्याला वाटलं, निदान दिसलं तरी पाहिजे.

"बस," कौसल्या म्हणाली. "जीव नाई घ्यायचा. उद्या सोनं वाटाचं हाय."

तिनं ताट जसंच्या तसं पाटावर ठेवलं. एकही कार्ड सरकलं नव्हतं.

"आता कसं निघाचं?" रूपसिंगनं विचारलं.

त्याच वेळी बाहेर पहिलवान दमले. पहार आणायला ते समोरच्या हार्डवेअरवाल्याकडे धावले. दारावरचा भार गेला. वामनरावांनी पाठीनं रेटणं सोडलं नव्हतं. दार अगदी अलगद, नकाशात काढल्याप्रमाणे, बाहेर उघडलं आणि वामनराव उलटे जिन्यावर पडले. जिना उंच होता. ते बऱ्याच पायऱ्यांना लागले.

खाली बाबुलाल आणि साळा रिकाम्या हातांनी परत येत होते. हार्डवेअरवाल्यानं लोखंड पूजेला लावलं होतं, आज बाहेर निघत नाही म्हणाला. मालक त्यांच्या पायाशी येऊन थांबले. वरून सहा-सात माणसं उतरत होती. बाबुलालनं मालकाकडे पाहिलं, रूपसिंगच्या उंचीकडे पाहिलं, आपल्या मोकळ्या हातांकडे पाहिलं. सांगायला कोणी शुद्धीवर नव्हतं.

गोविंदा त्याच्यासमोर थांबला.

"भाऊ," तो म्हणाला, "जरा वाट द्या."

बाबुलाल भिंतीला लागून उभा राहिला.

वर अश्वजितनं तारांचा पीळ सोडला, कॅलेंडर सरळ केलं. पक्कड आणि टेस्टर त्यानं पाटावरच राहू दिले. खाली उतरताना जिन्यात घरंगळलेला नारळ त्यानं बाजूला ठेवला, कोणाचा पाय पडू नये म्हणून.

नागपूरहून आल्यावर तो यवतमाळच्या दवाखान्यात वामनरावांना भेटायला गेला. जबडा तारेनं बांधला होता, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पोलिसांनी दार तपासलं होतं आणि त्यात कोणताही बिघाड नाही असं सांगितलं होतं. वामनरावांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डावा हात चादरीखालून काढला, अंगठा ताठ केला आणि हवेत दाबला. पुन्हा दाबला. पुन्हा.

"बटन?" अश्वजितनं विचारलं.

वामनरावांनी डोळे मिटून होकार दिला. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. मग त्यांनी चार बोटं दाखवली.

"चार बसवू. चारही कोपऱ्यांत."

पलंगाशेजारी स्टुलावर बाबुलाल बसला होता. त्यानं सदरा खांद्यावरून खाली ओढला. खांदा काळानिळा होता.

"पाहा जी," तो हळहळत म्हणाला. "दाराचं काही समजलंच नाई मले. एवढा जोर लावला."

"लावला," अश्वजित म्हणाला. "मी आतून पाहत होतो."